हरवलेले मूल कोणाच्या नोंदीत सापडेल?

वाचकांचे प्रश्न

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे हरवलेल्या मुलांविषयीची होती, म्हणून हे पूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याने मनाई आहे, आणि आई-काकांच्या नावावरून मुलाची ओळख सहज पटते. मी स्वतः वकील आहे आणि बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांच्या ताब्याचा व काळजीचा निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, पालकांच्या व मुलांच्या वतीने उभे राहण्याचे काम अनेक वर्षे केले आहे. उत्तरे त्या अनुभवातून लिहिली आहेत.

प्रश्न : आदरणीय वकीलताई, सप्रेम नमस्कार. माझ्या धाकट्या दिरांचा नऊ वर्षांचा मुलगा मे महिन्यात घरात रागावून निघून गेला. रात्री साडेआठला आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘नातेवाइकांकडे बघा, नाही सापडला तर सकाळी या’ असे सांगण्यात आले. सकाळी कळले की एका भाजीवालीने त्याला कुर्ला स्थानकात लोकलमध्ये चढताना पाहिले होते. मग आम्हाला रेल्वे पोलिसांकडे पाठवले. ते म्हणाले, मूल घरातून गेले आहे, स्टेशनातून नाही, तक्रार घराच्या हद्दीत द्या. तिसऱ्या दिवशी तो ठाणे जिल्ह्यातील एका बालगृहात सापडला, आणि तो पहिल्या रात्रीपासून तिथेच होता. रजिस्टरमध्ये त्याचे नाव ‘बंटी’ एवढेच लिहिलेले होते. पोलीस, रेल्वे, समिती, बालगृह हे सगळे सरकारचेच आहेत ना? मग एकाचे दुसऱ्याला का कळत नाही?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सारे त्यातच आहे. हे सगळे सरकारचे आहेत हे खरे, पण ते एका खात्याचे नाहीत आणि एका सरकारचेही नाहीत. तुमचे पोलीस ठाणे मुंबई पोलीस आयुक्तालयाचे. कुर्ला स्थानकातील लोहमार्ग पोलीसही राज्याच्या गृह विभागाचेच, पण त्यांचे आयुक्तालय वेगळे. फलाटावर गस्त घालणारे रेल्वे सुरक्षा दलाचे, म्हणजे आरपीएफचे, जवान केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाचे. एकटे फिरणारे मूल दिसले तर ते त्याला सुरक्षित ताब्यात घेतात, पण अपहरणाचा गुन्हा नोंदवणे त्यांच्या अधिकारात नाही. बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष महिला व बालविकास विभागाकडे येतात आणि त्यांचे काम जिल्ह्यापुरते असते. कुर्ल्याहून सुटलेली लोकल तासाभरात कल्याणला पोहोचते. तेवढ्यात मुलाने मुंबई पोलिसांची हद्द ओलांडलेली असते, जिल्हा ओलांडलेला असतो, आणि त्याच्यासाठी जबाबदार असलेली समितीही बदललेली असते.

अशा वेळी एका मुलाच्या दोन नोंदी तयार होतात. एक नोंद ‘हरवले’ म्हणून पालकांच्या पोलीस ठाण्यात होते आणि दुसरी ‘सापडले’ म्हणून रेल्वेच्या मदत केंद्रात, समितीत आणि बालगृहात होते. दोन्ही नोंदी खऱ्या असतात, पण त्यांची एकमेकींशी गाठ पडेपर्यंत मूल हरवलेलेच राहते. तुमच्या पुतण्याच्या बाबतीत पहिली नोंद रात्री झालीच नाही, सकाळी हद्दीच्या वादात अडकली, आणि झाली तेव्हा ती शाळेतल्या नावाने झाली असणार. मुलाने मात्र आपले घरातले नाव सांगितले. नऊ वर्षांच्या घाबरलेल्या मुलाने अनोळखी माणसाला घरातले नाव सांगावे यात त्याची काहीच चूक नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला, की अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार एफआयआर म्हणून नोंदवावी आणि मुलाचे अपहरण किंवा तस्करी झाली असावी असे गृहीत धरूनच तपास सुरू करावा. चोवीस तास थांबण्याचा नियम कोणत्याही कायद्यात नाही. तो केवळ प्रघात होता आणि तो मोडून काढण्यासाठीच हा आदेश आला. हद्दीचे उत्तरही कायद्यातच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, समोर आलेली माहिती नोंदवून घेणे पोलीस ठाण्याला बंधनकारक आहे. यालाच आपण झीरो एफआयआर म्हणतो. म्हणजे त्या सकाळी तुमच्या ठाण्याने आणि लोहमार्ग पोलिसांनी, दोघांनीही तुम्हाला परत पाठवायला नको होते.

गुन्हा नोंदल्यावर पुढे काय व्हायला हवे, हेही पालकांना माहीत असावे, म्हणजे ‘तपास चालू आहे’ या उत्तरावर समाधान मानून परतावे लागत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. कायद्याने त्याचा दर्जा सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालचा चालत नाही. ठाण्यात गेल्यावर त्याला भेटायचे आहे असे सांगा. ठाण्याने मुलाचे ताजे छायाचित्र घ्यायचे, वर्णन आजूबाजूच्या ठाण्यांना व नियंत्रण कक्षाला कळवायचे, हरवलेल्या व्यक्तींचा शोध घेणाऱ्या विभागाला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला माहिती द्यायची, रेल्वे स्थानके व बस आगारे पाहायची, शासनाच्या पोर्टलवर माहिती भरायची आणि एफआयआरची प्रत मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवायची. पूर्वी या पोर्टलचे नाव ट्रॅक चाइल्ड होते, आता हे काम मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या पोर्टलवर चालते. त्याची कल्पना चांगली आहे. पोलिसांनी एका बाजूने हरवलेल्या मुलांची माहिती भरावी, बालगृहांनी व समित्यांनी दुसऱ्या बाजूने सापडलेल्या मुलांची, आणि दोन्हींचा मेळ बसावा. पण मेळ बसायला दोन्ही बाजूंनी भरलेली माहिती एकाच मुलाची आहे हे ओळखता आले पाहिजे. एकीकडे शाळेचे पूर्ण नाव, वय 9, आणि दुसरीकडे ‘बंटी, वय अंदाजे 7, पत्ता सांगता येत नाही’ असे असेल, तर यंत्राला त्यात साम्य दिसत नाही.

म्हणून माझा आग्रह नोंद लिहिण्याच्या त्या पहिल्या दहा मिनिटांवर असतो. काही वर्षांपूर्वी एका बालगृहाच्या नोंदवहीत मी एका सहा-सात वर्षांच्या मुलीच्या नावापुढे पत्ता वाचला : ‘पिवळ्या टाकीजवळ, आजीच्या घराला निळे दार, खाली चक्की.’ रात्री अकरा वाजता ड्यूटीवर असलेल्या काळजीवाहिकेने मुलीचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले होते. त्या रकान्यात एवढे मावेना म्हणून तिने उरलेले समासात लिहिले होते. पुढे पोलिसांनी आजीचे घर शोधले ते त्या चक्कीवरून. ‘पत्ता सांगता येत नाही’ असे लिहून तिला मोकळे होता आले असते आणि कोणी तिला दोषही दिला नसता.

पालकांनीही तक्रार देताना तेवढेच बारकाईने सांगावे. शाळेतले नाव, घरातले नाव, शेजारची मुले मारतात ती हाक, तिन्ही एफआयआरमध्ये लिहून घ्या. मूल घरात कोणती भाषा बोलते, आईला काय म्हणते, गावाचे नाव कसे उच्चारते, हे सांगा. तीळ, जुनी जखम, भाजल्याची खूण, पुढचा तुटलेला दात, कानात टोचलेले असणे या गोष्टी कपड्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात, कारण बालगृहात गेल्यावर कपडे बदलतात. छायाचित्र शाळेच्या ओळखपत्रावरचे देऊ नका. ते बहुधा दोन वर्षे जुने असते आणि तेल लावून भांग पाडलेल्या त्या चेहऱ्याशी धुळीने माखलेल्या मुलाचा चेहरा जुळत नाही. मोबाइलमध्ये घरी काढलेला अलीकडचा फोटो द्या.

तक्रार दिली की पालकांचे काम संपत नाही, हे लिहिताना मला वाईट वाटते, पण ते खरे आहे. त्याच रात्री 1098 या क्रमांकावर तीच सगळी माहिती द्या. ही बालकांसाठीची मदतवाहिनी 1996 साली आपल्या मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली; बरीच वर्षे ती स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने चालली आणि 2023 पासून ती महिला व बालविकास विभागाच्या यंत्रणेकडे आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. मूल रेल्वेने गेल्याची शंका असेल तर रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर कळवा, आणि घरातील एका व्यक्तीने कुर्ला, दादर, ठाणे, कल्याण येथील लोहमार्ग पोलीस व आरपीएफ यांच्याकडे छायाचित्र घेऊन प्रत्यक्ष जावे. दुसऱ्या दिवशी केवळ आपल्या जिल्ह्याच्या नव्हे, तर मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर आणि रायगड या पाचही जिल्ह्यांच्या बाल कल्याण समित्यांकडे चौकशी करा. सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते आणि प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. म्हणजे मूल कोणाच्याही हाती सुखरूप लागले असेल तर एक-दोन दिवसांत ते या पाचांपैकी एखाद्या समितीच्या नोंदीत येण्याची शक्यता मोठी असते. घरात मात्र एक माणूस थांबलेला असावा, कारण मूल आपण होऊनही परत येते.

पोलिसांच्या बाजूचेही एक सांगायला हवे. 2014 साली गाझियाबादच्या पोलिसांनी हरवलेल्या मुलांची छायाचित्रे घेऊन बालगृहे पालथी घातली. त्या कामातून ऑपरेशन स्माइल आणि पुढे 2015 पासून ऑपरेशन मुस्कान या देशभरच्या मोहिमा झाल्या, आणि महाराष्ट्र पोलीसही त्या राबवतात. मोहिमेच्या काळात साध्या वेशातील पथके बालगृहांत, स्थानकांवर आणि सिग्नलवर जाऊन मुलांशी बोलतात आणि मुले घरी पोहोचतात. यातील काही मुले आधीच कुठल्यातरी सरकारी रजिस्टरमध्ये असतात. कोणीतरी जाऊन त्यांच्याशी बोलण्याचीच काय ती गरज असते. हे काम मोहिमेच्या महिन्यापुरते न राहता दर आठवड्याचे व्हावे, प्रत्येक ठाण्याच्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने आपल्या हद्दीतील हरवलेल्या मुलांची यादी घेऊन शेजारच्या जिल्ह्यांतील बालगृहांना फोन करावा, एवढी माझी मागणी आहे आणि ती मी प्रत्येक व्यासपीठावर करते. पत्रव्यवहाराने जे पंधरा दिवसांत होते ते फोनने दहा मिनिटांत होते, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : माझी पुतणी दोन तास दिसेनाशी झाली म्हणून आम्ही तक्रार द्यायला गेलो. फिर्यादीत पोलिसांनी ‘अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले’ असे लिहिले. आमचा कोणावरच संशय नव्हता. अशाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास होणार नाही का?
— घाटकोपर

उत्तर : नाही. ते वाक्य वर सांगितलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे येते आणि ते तुमच्या पुतणीच्या हिताचे आहे. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 खाली अज्ञात व्यक्तीविरुद्ध नोंदला जातो. त्यात कोणाचे नाव नसते. अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला की तपासी अधिकाऱ्याला मोबाइलचे तपशील मागवणे, सीसीटीव्हीचे चित्रण ताब्यात घेणे, दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात पथक पाठवणे शक्य होते. नुसत्या ‘मिसिंग’ नोंदीवर हे सारे रेंगाळते. मूल रुसून मावशीकडे गेले होते असे निघाले तर तसा अहवाल न्यायालयात जाऊन प्रकरण मिटते. दुकाने व सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांतील जुने चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते, तेव्हा ते लगेच जपून ठेवण्याची विनंती पोलिसांना लेखी द्या.

प्रश्न : माझे दादरच्या फुलबाजाराजवळ दुकान आहे. सणाच्या गर्दीत चार-पाच वर्षांचे एक मूल रडत दुकानापाशी आले. तासभर कोणी आले नाही. आम्ही त्याला बिस्किटे दिली, फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला, शेवटी रात्री त्याची आई सापडली. पण नंतर कोणी म्हणाले की फोटो टाकणे गुन्हा आहे. आम्ही चूक केली का?
— दादर पश्चिम

उत्तर : दादा, मुलाला तासभर सांभाळलेत, खाऊ दिलात, त्याबद्दल त्याची आई तुमचे आभार मानत असेल. चूक झाली ती फोटोची, आणि ती चांगल्या भावनेने अनेकांकडून होते. सापडलेल्या मुलाचा फोटो ग्रुपवर गेला की ते मूल आत्ता कुठे आणि कोणाजवळ आहे, हे ज्याला कळू नये त्यालाही कळते. दुकानात येऊन ‘मी याचा मामा’ म्हणणाऱ्याला तुम्ही कसे पारखणार? शिवाय मूल घरी पोहोचल्यावरही तो फोटो वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि नंतर कोणी खरोखर हरवलेल्या मुलाचा फोटो पाठवला तर लोक त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख प्रसिद्ध करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाच्या हितासाठी फोटो प्रसिद्ध करायचा की नाही, हे पोलिसांनी आणि समितीने ठरवायचे असते.

करायचे ते असे. जिथे मूल सापडले तिथेच दहा-पंधरा मिनिटे त्याच्याबरोबर थांबा, कारण आई त्याच वाटेने परत शोधत येते. गर्दीच्या दिवशी पोलिसांची चौकी किंवा मदत कक्ष जवळ असतो. गणपती विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर, 6 डिसेंबरला शिवाजी पार्क आणि चैत्यभूमीच्या परिसरात ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्यांची नावे पुकारली जातात, आणि आई-मुलांची गाठ त्या पुकाऱ्याने जितकी पडते तितकी दुसऱ्या कशानेही पडत नाही. तसा कक्ष नसेल तर 112 किंवा 1098 वर फोन करा. कळवणे ही केवळ माणुसकी नाही. पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांना, मदतवाहिनीला, समितीला किंवा बाल संरक्षण कक्षाला कळवणे कलम 32 प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आज रात्र आमच्याकडे झोपू दे, उद्या बघू’ असा विचार मनात आला तरी तसे करू नका. त्या रात्री त्याची आई एकामागून एक पोलीस ठाणी फिरत असते.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिथे मूल पळवले गेले की सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी इशारा वाजतो असे ती सांगते. आपल्याकडे असे का होत नाही?
— विलेपार्ले

उत्तर : तुमची मुलगी सांगते ती अँबर अलर्टची पद्धत. 1996 साली टेक्सास राज्यातील आर्लिंग्टन येथे नऊ वर्षांच्या एका मुलीचे सायकल चालवत असताना अपहरण व खून झाला, त्यानंतर डॅलस-फोर्ट वर्थ भागातील रेडिओ केंद्रांनी आणि पोलिसांनी मिळून ती सुरू केली आणि पुढे ती त्या देशात सर्वत्र पसरली. पण तिथेही हरवलेल्या प्रत्येक मुलासाठी हा इशारा देत नाहीत. अपहरण झाले असे मानण्यास पोलिसांकडे आधार हवा, मुलाच्या जिवाला धोका हवा, आणि मुलाचे, संशयिताचे किंवा वाहनाचे पुरेसे वर्णन हवे. इशारे वारंवार वाजले तर लोक ते बंद करतील, ही त्यामागची काळजी आहे.

आपल्याकडे तंत्र नाही असे म्हणता येणार नाही. 2023 साली आपल्या मोबाइलवर मोठा आवाज होऊन सरकारी चाचणीचा संदेश आला होता, तो तुम्हाला आठवत असेल; ती यंत्रणा आपत्तीसाठी आहे आणि ती निवडक भागापुरतीही वापरता येते. मुलाच्या जिवाला धोका असलेल्या मोजक्या प्रसंगी ती वापरावी, असे माझेही मत आहे. मात्र असा इशारा द्यायला आधी पोलिसांकडे पहिल्या तासात नीट लिहिलेली तक्रार असावी लागते, आणि ‘सकाळी या’ असे उत्तर मिळणाऱ्या ठिकाणी ती नसते.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी घरातून निघून गेली होती. पोलिसांनी तिला नाशिकहून आणले, पण आमच्या ताब्यात न देता समितीपुढे नेले आणि समितीने तिला बारा दिवस मुलींच्या बालगृहात ठेवले. मी तिची सख्खी आई. माझ्या मुलीसाठी मला कागदपत्रे आणि अर्ज का द्यावे लागले?
— गोरेगाव

उत्तर : ताई, बारा दिवस मुलीला दारातून पाहून परत यावे लागणे काय असते, ते मी समितीच्या बाकावर तुमच्यासारख्या आयांच्या शेजारी बसून पाहिले आहे. तुमच्या रागात काही गैर नाही. तरीही समितीने जे केले त्याचे कारण समजून घ्या.

समितीपुढे मूल येते तेव्हा त्याच्यासोबत उभी असलेली व्यक्ती त्याची पालक आहे का, एवढाच प्रश्न नसतो. मूल घरातून का गेले, परत गेल्यावर ते सुरक्षित राहील का, वाटेत त्याच्याशी कोणी काही वाईट केले का, हेही समितीला पाहावे लागते, आणि हे मुलीने आई-वडिलांच्या अनुपस्थितीत मोकळेपणाने सांगावे अशी अपेक्षा असते. सोळाव्या वर्षी मुली घर सोडतात त्यामागे कधी प्रेमप्रकरण असते, कधी ठरवले जात असलेले लग्न, कधी घरातलाच एखादा माणूस, आणि कधी परीक्षेची भीती. पोलिसांना ती ज्या कारणाचे उत्तर देते त्याहून वेगळे उत्तर ती चार दिवसांनी समुपदेशकाला देते. गुन्हा अपहरणाचा असल्यामुळे दंडाधिकाऱ्यांपुढे तिचा जबाबही व्हायचा असतो. घरची चौकशी करून सामाजिक तपास अहवाल देण्यासाठी कायद्याने पंधरा दिवसांची मुदत ठेवली आहे. तुमचे बारा दिवस त्यातले आहेत. कायद्याचे पहिले उद्दिष्ट मुलाला कुटुंबात परत पाठवणे हेच आहे, आणि बहुतेक मुले परत जातातही.

मला तक्रार आहे ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती मी अनेक अधिकाऱ्यांपुढे मांडली आहे : यातले काहीही आईला कोणी समजावून सांगत नाही. तुम्हाला मुलीला भेटण्याची विनंती करता येते, समिती तशी परवानगी देते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. स्त्रिया आणि मुले यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि एक विनंती माझीही आहे. मुलगी आता घरी आली आहे, तर तिला ‘का गेलीस’ हा प्रश्न सध्या कोणीही, आजीनेसुद्धा, विचारू नये. समितीने पुढचे समुपदेशन सांगितले असेल तर त्या तारखा चुकवू नका.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी हरवला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. पोलीस सांगतात की प्रकरण दुसऱ्या कक्षाकडे गेले. म्हणजे तपास बंद झाला का? आमची झोपडपट्टी पुनर्विकासात जाणार आहे, पुढच्या महिन्यात आम्हाला भाड्याच्या घरात जावे लागेल. आई म्हणते, तो परत आला तर कुठे येईल?
— मानखुर्द

उत्तर : तपास बंद झालेला नाही. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर नियमाप्रमाणे तपास मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे जातो, आणि त्या कक्षाने दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवाल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यायचा असतो. प्राधिकरणाकडे एफआयआर क्रमांक देऊन या अहवालाची चौकशी करा आणि कक्षातील तपासी अधिकाऱ्याचे नाव व क्रमांक लिहून घ्या. भावाचे आधार कार्ड काढलेले असेल तर त्याचा क्रमांक तपासी अधिकाऱ्याला लेखी कळवा. बालगृहात एखाद्या मुलाचे आधार काढायला गेल्यावर बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले आणि त्यावरून घर सापडले, असे अनेक मुलांच्या बाबतीत घडले आहे. देशात तो कुठेही असला तरी हा धागा टिकतो. दोन वर्षांत त्याचा चेहरा बदलला असेल, तेव्हा छायाचित्राबरोबर अंगावरच्या खुणा पुन्हा लिहून द्या.

आईंच्या प्रश्नावर मी बराच वेळ विचार केला. 2013 च्या जानेवारीत अंधेरीतून सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवरून पळवली गेली आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये, नऊ वर्षांनी, घरापासून फार लांब नसलेल्या भागातच सापडली. तिच्यासोबत काम करणाऱ्या एका बाईने इंटरनेटवर तिच्या नावाने शोध घेतला, तेव्हा जुने ‘हरवली आहे’ असे पोस्टर निघाले. त्यावर पाच फोन नंबर होते. चार लागले नाहीत. पाचवा एका शेजाऱ्याचा होता, आणि तो लागला. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी त्या मुलीचा शोध निवृत्तीनंतरही सोडला नव्हता.

म्हणून घर सोडण्याआधी नवा पत्ता मूळ पोलीस ठाण्यात आणि तस्करी प्रतिबंधक कक्षात लेखी द्या आणि दोन्हीकडून शिक्क्यासह पोच घ्या. पोस्टरवर छापलेला मोबाइल क्रमांक कोणाच्याही नावावर असो, त्याचे रिचार्ज चुकवू नका. वस्तीतील जी कुटुंबे तिथेच किंवा जवळपास राहणार आहेत अशा दोन-तीन घरांत, नाक्यावरच्या वाण्याकडे आणि भावाच्या शाळेत नवा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहून ठेवायला द्या. बरोबर त्याचे घरातले नावही लिहा, कारण तो आला तर आधी तेच सांगेल.